जांघेवरचा हात

तोरणमाळचा घाट चढून मी गेले ती यशवंत तलावासाठी नाही. खुब्यापुढची एक पिशवी फुगते आणि सूज मात्र पायावर चढते, असं सातपुड्यात काम करणाऱ्या एका डॉक्टरांकडून ऐकलं होतं. ती तपासणी जवळून पाहायची होती.

पाड्यावरून झोळीत घालून एका तरुण बाईला आणलं होतं. सिकलसेलची रुग्ण. खुबा जुना दुखरा, चाल लंगडी आणि आता डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत सुजलेला. वजन, रक्तदाब, रक्त झालं. सिस्टरांनी पोटऱ्यांना टेप लावली, फरक भरला चार सेंटीमीटर.

मग त्यांनी पडदा ओढला. बाईची परवानगी घेऊन मला थांबू दिलं. पावरीत बोलत बोलत त्यांनी जांघेवर हात ठेवला. लाजेनं आखडलेलं अंग सैल होईपर्यंत तो हात हलला नाही. बोटांखाली गाठ लागली. खोकल्यावर ती पुढे येत नव्हती, तिला ठोकेही नव्हते. पाय सरळ करताच बाई कळवळली.

डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. खुब्यापुढची ती पिशवी म्हणजे इलिओसोआस बर्सा, शरीरातली सर्वांत मोठी बर्सा. एरवी ती चपटी असते. ‘शंभरातल्या पंधरा माणसांत तिची वाट खुब्याच्या सांध्यात उघडते.’ सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड मरतं, सांधा झिजतो, त्यात पाणी साठतं. वाट उघडी असेल तर ते पाणी बर्सात उतरतं. फुगलेली बर्सा शेजारची मोठी नीला दाबते आणि पायातलं रक्त वर चढेनासं होतं.

शंभरातल्या पंधरा. भिल्ल-पावरा वस्तीत सिकलसेल किती आढळतो हे ठाऊक असलं की हा आकडा लहान वाटत नाही.

गुठळीची शंका मात्र हातानं फिटत नाही. सोनोग्राफीसाठी घाट उतरावाच लागतो. तिथं नीला मोकळी, पण दबलेली दिसली, गुठळी नव्हती. सुईनं पाणी काढता येतं, पण खुब्यावर इलाज झाला नाही तर ते पुन्हा भरतं.

यंत्राला पर्याय नाही, पण ते कुठं लावायचं हे त्या हातानं ठरवलं. एकच पाय सुजला तर मालिश करत घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरात सिकलसेल असेल तर ते सांगा, आणि जांघ व खुबाही तपासून घ्या.