गिटार सोलो वाजवून घेताय? आधी हे लिहून द्या
स्टीली डॅन या बँडच्या ‘पेग’ गाण्यासाठी (१९७७) एकामागून एक गिटारवादक सोलो वाजवून गेले, अखेर ठेवला तो जे ग्रेडनचा. ही चैन आपल्याला कुठली परवडायला!

म्हणून स्केल, बीपीएम, कॉर्ड्स, सोलो कुठे सुरू होतो आणि किती बारचा, हे आधीच कळवा. सोलो संपताच गाणं सुरू होत असेल तर तेही सांगा. शेवटचा सूर कुठे टेकवायचा ते त्यावर ठरतं. नुसतं ‘फील हवा’ म्हणण्याला माझ्या मते काही अर्थ नाही. गिल्मरसारखे लांब बेंड हवेत की व्हॅन हेलनसारखं टॅपिंग, ते बोला.

आणि इफेक्टवाल्या टेकसोबत कोरी, म्हणजे इफेक्टविना थेट रेकॉर्ड केलेली डीआय फाइल मागाच! टोन नाही पटला, तर पुन्हा न वाजवता बदलता येतो.