अशेरी : एक दिवस, पाच जण आणि "खाली कोण आणणार?"

या भागाचं हे लेखी रूप. बोलताना इकडे-तिकडे भरकटलेलं बरंच कापलंय, पण भाषा बोलतानाचीच ठेवली आहे. मागच्या काही भागांनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच विचारलं होतं : "ट्रेक आणि स्क्रॅम्बलिंग यात नेमका फरक काय, आणि आमच्यासारख्या शनिवार-रविवारवाल्यांनी ते करावं का?" आज त्यावर बोलू. उदाहरणाला घेऊ पालघर जिल्ह्यातला अशेरीगड. डिसेंबरमधल्या एका रविवारी आम्ही पाच जण तिकडे गेलो होतो.

आधी शब्द समजून घेऊ

पायवाटेवरून चालणं म्हणजे ट्रेक. दोर, हार्नेस, बिले घेऊन कडा चढणं म्हणजे क्लाइंबिंग. या दोघांच्या मधला जो पट्टा आहे, जिथे नुसते पाय पुरत नाहीत आणि हात दगडाला लावावेच लागतात, ते स्क्रॅम्बलिंग. अमेरिकेतल्या योसेमिटी पद्धतीत क्लास १ ते ५ अशी प्रतवारी आहे. क्लास १ म्हणजे साधी वाट. क्लास ३ म्हणजे हात लागतात, पण बहुतेक जण दोराशिवाय जातात. क्लास ४ म्हणजे दोर असलेला बरा, कारण तिथून पडलं तर गंभीर दुखापत किंवा मृत्यू. क्लास ५ पासून खरं क्लाइंबिंग सुरू.

गंमत अशी की आपल्याकडे कुठल्याही किल्ल्याच्या माहितीत फक्त "मध्यम" किंवा "कठीण" एवढंच लिहिलेलं असतं. त्यातून दमछाक किती होईल ते कळतं, पडलो तर काय होईल ते कळत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा चढ अजिबात दमवणारा नसतो, पण तिथे एक पाय सटकला की संपलं. ट्रेकर मंडळी याला एक्स्पोजर म्हणतात.

सह्याद्रीत हात का लावावे लागतात?

याची दोन कारणं आहेत. पहिलं भूगर्भातलं. आपले डोंगर बेसॉल्टचे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. लाव्हा एकदाच आला नाही, थरावर थर येत गेला. काही थर घट्ट, काही भुसभुशीत, पोकळ्यांचे. भुसभुशीत थर झिजून त्याची उतरती माची होते, घट्ट थराचा उभा कडा राहतो. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांचा आकार आहे : चढ, सपाटी, कडा, परत चढ. कुठलीही वाट असो, शेवटी एक कातळटप्पा आडवा येणारच.

दुसरं कारण माणसांनी केलेलं. हे कातळटप्पे ओलांडायला पूर्वी खोदीव पायऱ्या होत्या. १८१८ मध्ये मराठी सत्ता गेली आणि ब्रिटिशांनी किल्ल्यांची पाहणी सुरू केली. ठाणे-कोकणातले किल्ले कॅप्टन डिकिन्सनने पाहिले. हे किल्ले परत कुणाच्या हातात पडू नयेत म्हणून अनेक ठिकाणी पायऱ्याच सुरुंग लावून उडवल्या. म्हणजे आज आपण ज्याला "थ्रिलिंग पॅच" म्हणतो, तो कित्येकदा मुद्दाम तोडलेला जिना असतो. हे एकदा डोक्यात बसलं की पॅचकडे बघायची नजर बदलते. माणसांनी वापरायची सोपी वाट इथे होती, ती आता नाही. आपण तिच्या अवशेषांवरून चढतोय.

अशेरीच का?

नवघरहून, म्हणजे भाईंदर पूर्वेहून निघालं की गोल्डन नेस्ट, काशिमिरा, मग वर्सोव्याचा खाडीपूल, आणि सरळ अहमदाबाद हायवे. मनोरचा मस्तान नाका ओलांडून थोडं पुढे गेलं की खोडकोना गाव. एकूण ७० किलोमीटरच्या आसपास. गाडी नसेल तर लोकलने पालघर, तिथून एसटीने मनोर.

उंची ५१२ मीटर, म्हणजे १६८० फूट. आकडा ऐकून कुणी भुवई उंचावणार नाही. माहुली किंवा कळसूबाईसारखी इथे गर्दी नसते. आणि गर्दी नसण्याचा अर्थ नीट समजून घ्या. वाटेवर लिंबूपाणीवाला नाही. मागून येणारा दुसरा ग्रुप नाही. वाटा मळलेल्या नाहीत, ढोरवाटा भरपूर, आणि त्या सगळ्या सारख्याच दिसतात. मोबाईलवरच्या ट्रॅकवर विसंबू नका. कड्याखाली किंवा घळीत उपग्रहाचा सिग्नल दगडावर आपटून येतो, त्यामुळे स्क्रीनवरचा निळा ठिपका पन्नास मीटर तिकडे उडी मारतो. शहरात पन्नास मीटर म्हणजे समोरचं दुकान. घळीत पन्नास मीटर म्हणजे वेगळीच घळ. आम्ही गावातल्या एका दादांना वाटाड्या म्हणून घेतलं. पैसे आधी ठरवून घ्या आणि परत आल्यावर घासाघीस करू नका, एवढंच सांगतो.

आपल्या भागाशी या डोंगराचं जुनं नातं आहे. अशेरी बराच काळ पोर्तुगीजांकडे होता, वसईच्या उत्तर प्रांताचा भाग. इथल्या जंगलातलं सागवान त्यांना जहाजांसाठी लागायचं. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत हा सगळा पट्टा मराठ्यांकडे आला. भाईंदर पश्चिमेला चौक गावातला धारावी किल्लाही त्याच मोहिमेतला. मे १७३९ मध्ये वसई पडली. अशेरीच्या दरवाज्यापाशी पोर्तुगीजांचा राजमुकुट कोरलेला दगड आजही आहे. आणि आजचं नातं म्हणाल तर पाण्याचं. याच मुलखातून वाहणाऱ्या सूर्या नदीच्या योजनेत मीरा-भाईंदरसाठी दिवसाला २१ कोटी ८० लाख लिटर पाणी ठरलेलं आहे. आपल्या नळाचं पाणी कुठून येणार, तो प्रदेश एकदा पायाखालून घालावा असं मला वाटतं.

वेळेचं गणित

आता माझ्यातला इंजिनिअर बोलणार, दोन मिनिटं सहन करा. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम सांगितला : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. एका बाजूचं अंतर ४ किलोमीटर आणि चढ ४५० मीटर धरला तर उत्तर येतं साधारण १ तास ३५ मिनिटं.

आम्हाला कातळटप्प्यापर्यंतच ३ तास ५ मिनिटं लागली. पावणेआठला निघालो, १० वाजून ५० मिनिटांनी टप्प्याखाली. नियम चुकीचा नाही, पण तो थंड हवेतल्या तंदुरुस्त माणसाचा आहे. आपल्याकडे दमट उकाडा, पाठीवर तीन-चार लिटर पाणी आणि घळीतले टेबलाएवढे धोंडे. धोंड्यांवर तुम्ही चालत नाही, प्रत्येक पावलाला निर्णय घेता. म्हणून माझा हिशोब : नेस्मिथचं उत्तर गुणिले दोन. सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग हाच ग्रुपचा वेग.

पण खरं गणित उलटं करायचं असतं, शेवटाकडून. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दोन तास हातात ठेवायचे, म्हणजे चारला गावात. उतरायला तीन तास, म्हणजे एकला कातळटप्पा सोडायचा. कितीही जवळ असू, एक म्हणजे एक. ही वेळ गाडीत बसल्यावर, डोकं थंड असताना ठरवायची. वर पोचल्यावर माथा दिसत असतो, आणि माथा दिसायला लागला की माणूस वकील होतो, स्वतःचीच बाजू मांडायला लागतो.

टप्प्याखाली काय झालं

आमच्यात कॉलेजची एक मैत्रीण होती, ऑफिसातला एक मित्र, मी, माझा शाळेपासूनचा दोस्त आणि त्याचे वडील. काका ५७ वर्षांचे. रोज सकाळी चालणारे, दमसास आमच्यापेक्षा बरा. खिंडीत वाघदेवाचा लाकडी खांब आहे; पालघरच्या आदिवासी पाड्यांमध्ये वाघोबा पुजला जातो, दिवाळीआधी वाघबारस असते. तिथपर्यंत काकाच पुढे होते. दादांबरोबर त्यांनीही हात जोडले.

मग तो टप्पा आला. लोखंडी शिडी आणि आगेमागे कातळ. वर जायला चार-पाच हालचाली, पण डावीकडे दरी उघडी. काकांनी शिडीला हात लावला, दोन पायऱ्या चढले, खाली बघितलं आणि शांतपणे उतरून दगडावर बसले.

"तुम्ही जाऊन या."

दोस्त म्हणाला, "पप्पा, एवढं आलोय. दहा मिनिटांचं काम आहे. मी मागे राहतो, धरतो तुम्हाला."

काका म्हणाले, "वर जाईन रे मी. खाली कोण आणणार?"

कुणीच काही बोललं नाही. कारण ते बरोबर होतं. चढताना डोळे आणि हात दगडाच्या जवळ असतात, पुढची खोबण समोर दिसते. उतरताना पाय कुठे ठेवायचा तेच दिसत नाही, मांड्या आधीच थकलेल्या असतात, आणि सगळं वजन ब्रेक लावत खाली सोडायचं असतं. म्हणून स्क्रॅम्बलिंगचा पहिला नियम : जे उतरता येणार नाही ते चढायचं नाही. आणि मागून "धरतो" म्हणणारा दोराशिवाय धरू शकत नाही. पडणाऱ्या माणसाचं वजन हाताने थांबत नाही, दोघे जातात.

दोस्ताचा चेहरा उतरला होता. वडिलांना माथा दाखवायचा हीच त्याची हौस होती. तो परत काही बोलणार तेवढ्यात काकाच म्हणाले, "तू मला घेऊन आलास, बास. आता मला ओढू नकोस."

मग प्रश्न आला, काकांजवळ कोण थांबणार? एकट्याला ठेवायचं नाही हे आधीच ठरलेलं. एखाद्याला लागलं तर एकाने जवळ बसायचं आणि दोघांनी मदतीला जायचं, म्हणून चारपेक्षा कमी जणांनी अशा ठिकाणी जाऊच नये असं जुने ट्रेकर सांगतात. आम्ही दोन पाळ्या केल्या. मैत्रीण पुढच्याच महिन्यात देशाबाहेर जाणार होती, म्हणून ती आणि ऑफिसवाला मित्र दादांबरोबर आधी गेले, पूर्ण माथा बघायला. ते १२ वाजून २० मिनिटांनी परतले. आता आमच्या हातात ४० मिनिटं. मी आणि दोस्त शिडी चढून मुकुटाच्या दगडापर्यंत गेलो. कोरीव काम हाताने चाचपलं. वरची गुहा, देवीचं ठाणं, पाण्याची टाकी तिथून पुढे होती. दोस्ताने घड्याळ बघितलं आणि काही न बोलता वळला. एकला पाच मिनिटं असताना आम्ही काकांजवळ होतो.

उतरायला २ तास ५० मिनिटं लागली. घळीत काका बहुतेक धोंडे दगडाकडे तोंड करून उतरले, आणि दोस्त प्रत्येक वेळी एक पायरी खाली उभा राहून "डावा पाय, अजून वीतभर" असं सांगत होता. त्या दिवसाचं खरं काम त्याने तिथे केलं.

मग तुम्ही काय करायचं?

थोडक्यात सांगतो. दोन हात, दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले ठेवायचे, एका वेळी एकच हलवायचा. धरायच्या दगडावर आधी थाप मारायची. पोकळ आवाज आला तर सोडून द्यायचा. गवताचा बुंधा म्हणजे हात धरायची जागा नव्हे. एकाच्या थेट खाली दुसऱ्याने थांबायचं नाही. दगड सुटला तर जोरात ओरडायचं. घसाऱ्यावर टाच रोवायची, पळायचं नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर हे सगळं विसरा आणि जाऊच नका. टाक्यातल्या पाण्यावर भरवसा न ठेवता आपलं पाणी घेऊन जा. घरी कुठल्या वाटेने चाललोय आणि किती वाजता काळजी करायची, ते लिहून ठेवा. अडकलात तर ११२ आहेच, शिवाय महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरमार्फत डोंगर ओळखणारे स्वयंसेवक येतात. पण तेही माणसंच. त्यांना पोचायला काही तास लागतात.

आणि हे सगळं शिकायचं असेल तर एखाद्या गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक कोर्स करा. व्हिडिओ बघून हात धरायला शिकता येतं, "नको" म्हणायला नाही. ते कुणाला तरी म्हणताना बघावं लागतं. मी काकांना बघितलं.

पुढच्या भागात दोर, गाठी आणि हेल्मेट, म्हणजे बजेटमध्ये काय घ्यावं आणि काय अजिबात सेकंडहँड घेऊ नये, त्यावर बोलू. तुमच्या ग्रुपमध्ये "मी इथेच थांबतो" असं कुणी म्हटलं असेल आणि पुढे तुम्ही काय केलंत, ते नक्की लिहून पाठवा. भेटू लवकरच.