आराखड्यात नसलेला समुद्र

शनी हा सूर्यापासून पृथ्वीच्या तुलनेत सुमारे साडेनऊ पट दूर असल्यामुळे तेथील यानापर्यंत रेडिओ संदेश पोहोचायला तासाहून अधिक वेळ लागतो आणि उत्तर यायला पुन्हा तितकाच. म्हणजे यानावर काही बिनसले, तर पृथ्वीवर त्याचा पत्ता लागेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. म्हणूनच अशा मोहिमांचा प्रत्येक टप्पा कितीतरी आधी आखून, तपासून, आज्ञांच्या रूपाने यानाच्या संगणकात भरून ठेवावा लागतो. तरीही कॅसिनी-हायगेन्स मोहिमेचे सर्वांत मोलाचे यश मूळ आराखड्यात नव्हते, आणि तो आराखडा वाटेत बदलण्याची तयारी शास्त्रज्ञांनी दाखवली नसती तर ते हातीही लागले नसते.

पायोनियर ११ (१९७९), व्हॉयेजर १ (१९८०) आणि व्हॉयेजर २ (१९८१) ही याने शनीजवळून केवळ निघून गेली होती. तेथे मुक्काम ठोकणारे यान पाठवण्यासाठी अमेरिकेची नासा, युरोपीय अवकाश संस्था आणि इटलीची अवकाश संस्था एकत्र आल्या. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी निघालेल्या कॅसिनी या जड यानाला थेट शनीपर्यंत पोहोचवणारे रॉकेट उपलब्ध नसल्याने शुक्राजवळून दोनदा आणि पृथ्वी व गुरू यांच्याजवळून एकेकदा नेऊन, त्या ग्रहांच्या गुरुत्वाकर्षणाच्या आधारे त्याचा वेग वाढवण्यात आला. शनीजवळचा सूर्यप्रकाश फारच क्षीण असल्याने प्लुटोनियमच्या किरणोत्सारी क्षयातून निघणाऱ्या उष्णतेपासून यानावर वीज तयार केली जात होती.

कॅसिनीच्या अंगावर हायगेन्स नावाचे एक लहान यान होते. शनीच्या टायटन या सर्वांत मोठ्या चंद्राच्या दाट वातावरणात ते पॅराशूटने उतरणार होते आणि त्याने पाठवलेली माहिती कॅसिनीने झेलायची होती. युरोपीय संस्थेतील अभियंते बोरिस स्मेड्स यांनी या संपर्काची पूर्ण चाचणी व्हावी असा आग्रह धरला आणि फेब्रुवारी २००० मध्ये, यान वाटेवर असताना, पृथ्वीवरून हायगेन्सच्या संदेशाची नक्कल करून ती कॅसिनीकडे पाठवण्यात आली. दोन याने एकमेकांकडे वेगाने येत असतील, तर त्यांच्यातील संदेशाची वारंवारता वाढते. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. कॅसिनीवरील ग्राहक यंत्र मूळ रेडिओ लहरीतील हा बदल सांभाळत होते, परंतु त्याच कारणाने माहितीचे अंश येण्याच्या गतीत पडणारा फरक त्याला पेलत नव्हता, आणि पृथ्वीवरून त्या यंत्रातील आज्ञावली बदलण्याची सोयच ठेवलेली नव्हती. चाचणी झाली नसती, तर टायटनवरील बहुतेक माहिती कॅसिनीपर्यंत येऊनही वाचता आली नसती. शेवटी यंत्र नव्हे, मार्गच बदलण्यात आला: कॅसिनी टायटनपासून सुमारे १,२०० किलोमीटरऐवजी सुमारे ६०,००० किलोमीटर अंतरावरून जाईल असे ठरले, त्यामुळे दोन्ही याने एकमेकांकडे सरकण्याचा वेग पुरेसा कमी झाला.

१४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स टायटनवर उतरले आणि उणे १७९ अंश सेल्सिअसच्या थंडीत, पाण्याच्या बर्फाचे गोलसर गोटे पसरलेल्या जमिनीचे चित्र त्याने पाठवले. आज्ञांच्या यादीतील एका त्रुटीमुळे दोनपैकी एक संपर्कमार्ग सुरूच झाला नाही आणि निम्मी छायाचित्रे गमावली गेली; मात्र हायगेन्सची क्षीण रेडिओ लहर पृथ्वीवरील दुर्बिणींनी थेट पकडल्याने टायटनच्या वाऱ्यांचे मापन वाचले.

याहून मोठा बदल एन्सेलाडस या जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाच्या चंद्रामुळे झाला. २००५ च्या आरंभी कॅसिनी त्याच्याजवळून दोनदा गेले, तेव्हा लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील मिशेल डॉगर्टी यांच्या नेतृत्वाखालील चुंबकमापक गटाला असे आढळले की शनीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषा या चंद्राभोवती, जणू वाटेत वायूचा अडथळा असावा तशा, वाकल्या आहेत. एवढ्या लहान गोलाचे गुरुत्वाकर्षण वातावरण धरून ठेवू शकत नाही. वायू असेल तर तो सतत कोठून तरी येत असला पाहिजे. केवळ आलेखातील या विसंगतीच्या बळावर डॉगर्टी यांच्या गटाने पुढील फेरी अधिक जवळून नेण्याची मागणी केली, आणि १४ जुलै २००५ रोजी यान अवघ्या १७३ किलोमीटरवरून गेले. दक्षिण ध्रुवाजवळ चार लांब, समांतर आणि अपेक्षेपेक्षा उबदार भेगा सापडल्या. त्यांतून बाष्प आणि हिमकण अवकाशात फेकले जात होते.

त्यानंतर मोहिमेचा रोखच बदलला. फवाऱ्यांतून निघालेल्या कणांत सोडियमचे क्षार आढळले, म्हणजे ते पाणी खडकाच्या संपर्कात होते. अनेक वर्षांच्या छायाचित्रांवरून मोजलेले चंद्राच्या कवचाचे डोलणे इतके अधिक भरले की कवच व गाभा यांच्यामध्ये चंद्रभर पसरलेला समुद्र आहे, असाच २०१५ मध्ये निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यान ४९ किलोमीटर उंचीवरून फवाऱ्यातूनच गेले आणि तेथे हायड्रोजन सापडला. पृथ्वीच्या समुद्रतळावरील उष्ण झऱ्यांजवळ अनेक सूक्ष्मजीव याच वायूच्या रासायनिक ऊर्जेवर जगतात, त्यामुळे या शोधाचे महत्त्व कितीही सांगितले तरी कमीच ठरेल.

यानाचे इंधन संपत आले, तेव्हा ताबा सुटलेले यान एन्सेलाडस किंवा टायटनवर आदळून पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव तेथे पोहोचण्याचा धोका पत्करू नये, असे ठरले. ग्रह आणि कडी यांच्यामधील, पूर्वी कोणतेही यान न गेलेल्या पोकळीतून बावीस प्रदक्षिणा घालून कड्यांचे वस्तुमान मोजून झाल्यावर १५ सप्टेंबर २०१७ रोजी कॅसिनी शनीच्या वातावरणात जळून नष्ट झाले. त्याची उपकरणे मुळात समुद्रासाठी बनवलीच नव्हती: फवाऱ्यातील रेणू मोजणाऱ्या वस्तुमानमापकाची झेप हायड्रोजनच्या अणूच्या ९९ पटींपर्यंतच होती, त्यामुळे त्याहून जड सेंद्रिय रेणू त्याच्या आवाक्यात आले नाहीत. तरीही धूलिकण तपासणाऱ्या उपकरणाच्या जुन्या नोंदी पुन्हा चाळताना २०२३ मध्ये त्यांत फॉस्फेट सापडले. फॉस्फरस हा डीएनएच्या रचनेतील अनिवार्य घटक आहे, आणि पृथ्वीबाहेरील एखाद्या समुद्राच्या पाण्यात तो आढळल्याची ही पहिलीच नोंद होती.