बाईक खड्ड्यात आपटतेय? शॉकअप बदलण्याआधी टेप घ्या
कर्जतहून कोथळीगडाच्या पायथ्याशी आंबिवलीला जाताना किंवा खालापूरच्या कच्च्या रस्त्यांवर बाईक मागून आपटू लागली, की अनेकजण थेट नवा शॉकअप शोधतात. त्याआधी 'सॅग' मोजा.

सॅग म्हणजे काय?
वजनाने सस्पेन्शन किती दबतं, ते. मागचं चाक अधांतरी असताना एक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग हेल्मेट, सामानासह बसून दुसऱ्याकडून तेच मोजून घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. तो एकूण ट्रॅव्हलच्या साधारण ३० टक्के हवा. हीरो एक्सपल्स २०० चा मागचा ट्रॅव्हल १७० मिलिमीटर, म्हणजे सॅग सुमारे ५० मिलिमीटर.

जास्त आला तर?
प्रीलोड वाढवा. मागे जास्त दबलेल्या बाईकचं पुढचं चाक हलकं होतं आणि खडीच्या वळणावर ती बाहेर जाते. प्रीलोड पूर्ण वाढवूनही सॅग जास्तच राहिला, तर मात्र कडक स्प्रिंगवर खर्च करा.