मोठ्या लॅपटॉपची बॅग घेताय? टेप सोबत न्या!

व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी ड्रॉइंगचं काम सुरू करताय, १७ इंची लॅपटॉप घेतलाय आणि क्लायंट अंधेरी-चर्चगेटला. मग बॅग घेताना विरार लोकल डोळ्यांसमोर ठेवा.

आधी माप. १७.३ इंच हे स्क्रीनचं तिरकं माप, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं. बॅगेला त्याचा उपयोग नाही. असा लॅपटॉप रुंदीला साधारण ४० सेंटीमीटर भरतो, जाडी मॉडेलप्रमाणे बदलते. दोन्ही मोजा. जमलं तर लॅपटॉपच दुकानात न्या आणि आत घालून बघा. चेन कोपऱ्यावर अडली तर ती बॅग नको, कितीही स्वस्तात मिळो.

खरी परीक्षा गाडीत. बॅग पोटाशी घ्यायची नाहीतर रॅकवर टाकायची, आणि रॅकवर तिच्या अंगावर आणखी चार बॅगा येणारच. तो दाब स्क्रीनवर जातो. म्हणून चार्जर लॅपटॉपच्या कप्प्यात अजिबात नको. त्या कप्प्याचा तळ बॅगेच्या तळापासून दोन बोटं वर हवा, नाहीतर प्लॅटफॉर्मवर बॅग टेकवली की मार थेट लॅपटॉपच्या कोपऱ्याला. आत हात घालून बघा, लगेच कळतं.

स्लीव्ह? कप्प्याला चांगलं पॅडिंग असेल तर पातळ, घट्ट बसणारी पुरे. पावसाळ्यात ती भिजली तर ओल लॅपटॉपलाच धरून राहते, त्यामुळे घरी आल्याआल्या बाहेर काढा. आपल्या वसईच्या पावसात रेनकव्हर असलं तरी आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी ठेवाच. आणि हो, लॅपटॉप भरण्याआधी पूर्ण शटडाउन करा. चालू राहिला तर बंद कप्प्यात तापतो.