गार पाणी हवं, की फ्रिज?

मराठवाड्यात उन्हाळ्यात सकाळचं दूध संध्याकाळपर्यंत नासतं आणि कोथिंबीर दुपारीच मान टाकते. तरीही 2008च्या सुमारास देशातल्या बहुतांश घरांत फ्रिज नव्हता. ‘परवडत नाही’ हे त्याचं सोपं उत्तर. गोदरेजची माणसं घरोघर जाऊन पाहू लागली, तेव्हा आणखी बरंच काही दिसलं. एका खोलीचा संसार, वरचेवर जाणारी वीज, भाड्याचं घर बदलताना डोक्यावर घ्यावं लागणारं सामान. भाजी रोजच्या रोज आणायची, उरलंसुरलं फार नसायचंच. अशा घरात मोठं कपाट गार करून ठेवायचं तरी काय? दूध एक-दोन दिवस टिकावं, पाणी गार मिळावं, एवढीच गरज.

मग उस्मानाबादला (आताचं धाराशिव) सुमारे 600 बायकांना बोलावून नमुने दाखवले गेले. आकार-रंगावर त्यांचं मत घेतलं. त्यातून ‘छोटूकूल’ आला: 43 लिटरचा, आठ किलोंहूनही हलका, किंमत सव्वातीन हजारांच्या आसपास.

त्यात कॉम्प्रेसरच नव्हता. दोन वेगळ्या पदार्थांच्या सांध्यातून वीज सोडली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, हे पेल्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1834 मध्येच दाखवलं होतं. त्याच तत्त्वावरची चिप आणि गरम हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा, एवढ्यावर काम भागलं. वीज गेली तर 12 व्होल्टच्या बॅटरीवरही तो चाले. झाकण वरच्या बाजूला, कारण गार हवा जड असते. झाकण उघडलं तरी ती तळाशीच राहते. बर्फ मात्र व्हायचा नाही.

कागदावर सगळं जुळलं होतं. खेड्यातली विक्री मात्र अपेक्षेएवढी वाढली नाही. आपल्याकडे फ्रिज हे निव्वळ यंत्र नसतं. तो बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसेल असा ठेवतात, त्यावर क्रोशाचं कापड घालतात. आणखी थोडे पैसे साठवले की ‘खरा’ फ्रिज येत असेल, तर आठ किलोंच्या डब्यासाठी गाठ कोण सोडणार? हा हिशेब दुधाच्या पातेल्यात दिसत नाही, आणि ‘तुम्हाला काय साठवायचं असतं?’ असं विचारून कळतही नाही.

छोटूकूलला पुढे वेगळंच गिऱ्हाईक मिळालं: छोटे दुकानदार आणि प्रवासात मोटारीत गार पेयं ठेवणारी शहरी मंडळी. गोदरेजनेही मग रोख तिकडेच वळवला.