शर्यत रद्द झाली, पण निधी आधीच जमला होता!

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात एक मोठी मॅरेथॉन होणार होती. हजारो लोकांनी त्यासाठी कित्येक महिने पहाटे उठून पाय झिजवले होते. आणि ऐनवेळी बर्फाचं वादळ आलं. रस्त्यांवर निसरडा थर जमला. शर्यत रद्द!

आता धंदेवाल्याच्या डोक्याने विचार करा. इव्हेंट कॅन्सल म्हणजे सरळ नुकसान, बरोबर? पण ही मॅरेथॉन सेंट ज्यूड नावाच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलसाठी होती. आणि धावपटू त्या हॉस्पिटलसाठी जो निधी गोळा करत होते, तो शर्यतीच्या सकाळी जमायचा नव्हताच. तो आधीच्या महिन्यांत, एकेका ओळखीच्या माणसाला विचारून, जमून गेला होता.

हे मी का सांगतोय? कारण आपल्यातले बरेच जण असं धरून चालतात की आधी दुकान उघडायचं, फीत कापायची आणि मग गिऱ्हाईक शोधायचं. चॅरिटीसाठी धावणारी माणसं नेमकं उलटं करतात. ते कसं करतात, हे बघण्यासारखं आहे.

सेंट ज्यूडची गोष्ट थोडक्यात सांगतो. डॅनी थॉमस हा लेबनीज आई-बापांच्या पोटी जन्मलेला अमेरिकन विनोदी कलाकार. कामधंदा नीट चालत नव्हता, त्या काळात त्याने संत ज्यूडला साकडं घातलं की माझं भलं झालं तर तुझ्या नावाने काहीतरी उभं करीन. पुढे नाव झालं, पैसा आला. आपल्याकडे नवस फेडतात तसा त्याने तो फेडला. १९५७ मध्ये निधी गोळा करणारी संस्था आणि १९६२ मध्ये हॉस्पिटल. क्रम बघितलात? आधी पैसा आणणारी यंत्रणा, मग इमारत. तिथे उपचार घेणाऱ्या मुलाच्या कुटुंबाला बिल दिलं जात नाही. उपचार, प्रवास, राहणं, जेवण, कशाचंच नाही. हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा लहान मुलांमधल्या सर्वात जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमधून १०० पैकी साधारण ४ मुलं वाचायची. आज सेंट ज्यूड हा आकडा ९४ सांगतं. हे सगळं बहुतांश देणग्यांवर चालतं. २००२ पासून मेम्फिसची मॅरेथॉन त्या देणग्यांचा एक रस्ता झाली. धावण्याचा मार्ग हॉस्पिटलच्या आवारातून जातो. उपचार घेणारी मुलं आणि त्यांचे आई-बाप कडेला उभे राहून टाळ्या वाजवतात. तिथून पुढे पळताना पाय दुखतात म्हणायची सोय राहत नाही!

ट्रेनिंग हेच प्रॉडक्ट

या सगळ्यात मला सर्वात हुशार वाटलेली आयडिया मात्र मेम्फिसची नाही. ती न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टर भागातली, १९८८ सालची. ब्रूस क्लीलँड नावाच्या गृहस्थाच्या लहान मुलीला ल्युकेमिया झाला होता. त्याने ओळखीपाळखीतून ३८ जणांची टीम उभी केली आणि न्यूयॉर्क मॅरेथॉनसाठी तयारी सुरू केली. त्या एका शर्यतीच्या निमित्ताने टीमने ३ लाख २२ हजार डॉलर जमवले. म्हणजे माणशी जवळजवळ साडेआठ हजार डॉलर, तेही १९८८ चे! यातूनच 'टीम इन ट्रेनिंग' हा कार्यक्रम उभा राहिला.

त्यांनी काय विकलं, बघा. "संस्थेला मदत करा" असं म्हणून ते दारोदार फिरले नाहीत. पुढे जो कार्यक्रम झाला त्याची ऑफर अशी होती: तुला आयुष्यात एकदा मॅरेथॉन पळायची आहे ना? आम्ही कोच देतो, आठवड्याचं वेळापत्रक देतो, सोबत पळायला माणसं देतो, शर्यतीत जागा मिळवून देतो. बदल्यात तू अमुक इतका निधी गोळा करायचा. म्हणजे धावणारा माणूस हा त्यांचा पहिला कस्टमर. त्याला स्वतःला काहीतरी हवं होतं, ते त्याला मिळालं, आणि तो आनंदाने संस्थेचा सेल्समन झाला.

आणि कबुली हवेत राहत नाही. अशा बऱ्याच योजनांमध्ये धावपटूला आधी लिहून द्यावं लागतं: ठरलेल्या तारखेपर्यंत रक्कम जमली नाही, तर उरलेले पैसे माझ्या कार्डावरून घ्या. आता समजलं, लोक इतकं मनापासून का विचारतात ते?

यातला एक भाग मला पटत नाही. काही योजनांमध्ये धावपटूचा प्रवास आणि हॉटेलचा खर्च जमलेल्या निधीतूनच व्हायचा. शेजारच्या काकूंनी मुलांच्या औषधासाठी दिलेले पैसे तुमच्या विमानाच्या तिकिटाला लागले, हे त्यांना कळलं तर? बूट, प्रवास, नोंदणी फी स्वतःच्या खिशातून. याबाबत माझ्याकडे सूट नाही.

१६ आठवडे आणि ७२ माणसं

आता तयारीकडे येऊ. ४२.१९५ किलोमीटरच्या फुल मॅरेथॉनला नवख्या माणसाला साधारण १६ ते २० आठवडे लागतात, आणि तेही आधीपासून थोडंफार पळत असेल तर. आठवड्यात चार दिवस धावायचं. त्यातला रविवार लांब पल्ल्याचा. हा पल्ला हळूहळू वाढवत न्यायचा, दर तीन-चार आठवड्यांनी एकदा मुद्दाम कमी करायचा, म्हणजे शरीराला सावरायला वेळ मिळतो. वेग किती? शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, इतकाच. सर्वात लांब पल्ला ३० ते ३२ किलोमीटर, शर्यतीच्या तीनेक आठवडे आधी. त्यानंतर पळणं कमी करत जायचं. बहुतेक नवखे लोक पूर्ण ४२ किलोमीटर पहिल्यांदा शर्यतीच्या दिवशीच पळतात. तिशीच्या पुढे शरीरातली साठवलेली साखर संपत येते आणि पाय शिशाचे होतात, म्हणून वाटेत काय खायचं-प्यायचं याचीही तालीम रविवारीच करायची. पस्तिशी-चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल, तर आधी डॉक्टर, मग बूट.

दुकान सांभाळून हे करणाऱ्याने पहिल्या वर्षी हाफ, म्हणजे २१ किलोमीटर, किंवा १० किलोमीटर धरावं. देणगी देणारा अंतर मोजत नाही. तुम्ही पहाटे पाचला उठताय, घाम गाळताय, हे त्याला दिसतं. त्याला हॉस्पिटलची फारशी माहिती नसते, पण तुमची असते. तो तुमच्या शब्दावर पैसे देतो.

आणि हे १६ आठवडे म्हणजे बोलायला १६ निमित्तं. पहिले १० किलोमीटर झाले, फोटो टाका. पावसात पळालात, सांगा. गुडघा दुखला, तेही सांगा.

हिशेब मांडू. समजा तुम्हाला ५० हजार जमवायचे आहेत. हाफ मॅरेथॉन २१ किलोमीटरची, म्हणून किलोमीटरला १०० रुपये, म्हणजे एकाकडून २,१०० मागायचे. असे २४ जण हवेत. तीन जणांना विचारल्यावर एक हो म्हणेल असं धरा, म्हणजे ७२ जणांना विचारावं लागेल. १६ आठवड्यांत ७२, म्हणजे आठवड्याला चार-पाच फोन. बस, इतकंच! पण फोन. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली लिंक सगळ्यांसाठी असते, म्हणून कोणासाठीच नसते. नाव घेऊन विचारा: "दादा, मी जानेवारीत २१ किलोमीटर धावतोय. कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांच्या राहण्यासाठी ५० हजार जमवतोय. तुमच्याकडून २,१०० हवेत. लिंक पाठवू का?" रक्कम सांगायला लाजू नका. "काय इच्छा असेल ते द्या" म्हटलं की समोरचा गोंधळतो आणि विषय पुढे ढकलतो. पहिली देणगी स्वतःची टाका, दुसरी-तिसरी घरच्यांची, कारण रिकाम्या हॉटेलात कोणी शिरत नाही. पैसे आले की त्याच दिवशी आभाराचा फोन. "नंतर बघू" म्हणणाऱ्यांची वेगळी यादी ठेवा, त्यांना शर्यतीच्या आठ-दहा दिवस आधी पुन्हा विचारायचं.

आपल्याकडे हे कुठे करायचं? मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, आणि २००९ पासून युनायटेड वे मुंबई ही संस्था तिच्या निधी-संकलनाचं काम बघते. २०२४ च्या मॅरेथॉनने ७० कोटींहून जास्त निधी उभा केला. चॅरिटीसाठी धावणाऱ्यांना काही जागा राखीव असतात. नोंदणीच्या अटी दर वर्षी नीट वाचा. यादीत शेकडो संस्था असतात. मुलांचं काम शोधत असाल तर एक उदाहरण, सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स. हे हॉस्पिटल नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये मुलाच्या उपचारासाठी गावाहून आलेली कुटुंबं महिनोन्‌महिने कुठे राहणार? बाहेरच्या फुटपाथवर मुक्काम केलेली माणसं तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असतील. अशा कुटुंबांना ही संस्था २००६ पासून मोफत राहायची सोय देते. उपचार मिळूनही राहायला जागा नाही म्हणून मुलाला अर्ध्यावर परत नेलं जाऊ नये, एवढ्यासाठी.

पैशाबाबत एक गोष्ट कडक पाळा. देणगी थेट संस्थेच्या लिंकवर गेली पाहिजे. तुमच्या जीपेवर किंवा दुकानाच्या खात्यात एक रुपयाही घेऊ नका, कोणी कितीही प्रेमाने म्हटलं तरी. पावती संस्थेची हवी. ८०जी ची सवलत हवी असेल तर २,००० च्या वरची रोख देणगी चालत नाही, आणि नवीन करप्रणाली घेतलेल्याला ही सवलत मिळतच नाही. हे फोनवरच सांगून टाका, मार्चमध्ये वाद नको.

आता कॅलेंडर काढा. शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून १८ आठवडे मागे मोजलं की सप्टेंबरचा मध्य येतो. म्हणजे ट्रेनिंगच्या मधोमध नवरात्र, दसरा आणि दिवाळी, आपल्या धंद्याचा भर सीझन. रात्री अकराला शटर खाली ओढणारा माणूस पहाटे पाचला १८ किलोमीटर पळणार नाही, हे आत्ताच मान्य करा आणि कमी पल्ल्याचा आठवडा नेमका दिवाळीत टाका. फोन मात्र त्या आठवड्यात थांबवू नका. बोनस झालेला असतो, शुभेच्छांसाठी तुम्ही ७२ पैकी निम्म्या लोकांना तसाही फोन करणारच असता.